शेवटची बाटली : ब्रुसेल्सच्या आंबट बिअरचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१/ एखाद्या शहराची हवा बाटलीत भरून ठेवता येते का? ब्रुसेल्समध्ये निदान त्या हवेतील जीव तरी शतकानुशतके बाटलीत उतरत आले आहेत. त्या बिअरचे नाव लॅम्बिक. या धाग्यात तिचा इतिहास आहे, आणि सोबतीला एका साताऱ्याच्या अभियंत्याची निरोपाची संध्याकाळ.

२/ अनेक वर्षे ब्रुसेल्समध्ये काढून तो कायमचा घरी परतत होता. कपाटात आंबट आणि पिंपात मुरवलेल्या बिअरच्या तीसेक बाटल्या होत्या. भारतात येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दोनच लिटर मद्य विनाशुल्क आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या जेमतेम दोन बाटल्या. बाकीच्या तिथेच संपवायच्या होत्या. त्या संध्याकाळी त्याने चार निवडल्या आणि शेजारच्या दिवंगत आजोबांच्या मुलीला बोलावले.

३/ पहिली बाटली : गझ. आधी तिची आई असलेली लॅम्बिक समजून घेऊ. जवाचे माल्ट आणि सुमारे एक तृतीयांश कच्चा गहू यांचा काढा हॉप्स घालून कित्येक तास उकळतात. हॉप्स मात्र ताजे नसतात. मुद्दाम दोन-तीन वर्षे जुने केलेले असतात. कडवटपणा उतरलेला असतो, पण टिकवण्याचा गुण शिल्लक असतो.

४/ मग हा काढा माळ्यावरील रुंद, उथळ पात्रात रात्रभर उघडा ठेवतात. गुऱ्हाळातील काहील ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे पात्र चटकन डोळ्यांपुढे येईल. यीस्ट कोणी घालत नाही. हवेतले, छपरातले आणि पुढे पिंपाच्या लाकडातले जीवाणू व यीस्ट आपापले काम करतात. उन्हाळ्यात नको ते जंतू बळावतात, म्हणून हा उद्योग साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या थंड महिन्यांतच चालतो.

५/ पुढे एक ते तीन वर्षे ओकच्या पिंपात. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिकचे मिश्रण करून बाटलीत भरले की तरुण लॅम्बिकमधली उरलेली साखर पुन्हा आंबते, बुडबुडे तयार होतात, आणि ती गझ होते. ग्लासात ओतताच लिंबाची साल, ओले गवत आणि जुन्या लाकडाचा वास आला. आजीच्या विरजणावर वाढलेल्या माणसाला हा आंबटपणा परका वाटला नव्हता. पहिल्या घोटालाच त्याला कोकम आठवले होते, असे तो सांगत असे.

६/ लॅम्बिकचा प्रदेश म्हणजे झेन नदीचे खोरे. ही नदी आज ब्रुसेल्सच्या मध्यभागी दिसत नाही. दुर्गंधी, रोगराई आणि पूर यांना कंटाळून १८६७ ते १८७१ या काळात शहराने तिच्यावर कमानी बांधून तिला जमिनीखाली घातले. नदी झाकली गेली, पण बिअर उरली.

७/ दुसरी बाटली : क्रीक. शारबेक हे ब्रुसेल्सचे उपनगर एकेकाळी आंबट चेरींसाठी प्रसिद्ध होते. चेरी पिंपातल्या लॅम्बिकमध्ये बिया-सालींसकट महिनोन्महिने मुरतात. रंग गर्द लाल, चवीत गोडवा जवळपास नाही, आणि शेवटी बियांचा बदामासारखा हलका वास. विसाव्या शतकात गोड पेयांची चटक लागली, तेव्हा अनेकांनी साखर घालून सोपी क्रीक विकायला सुरुवात केली. पारंपरिक लॅम्बिकवाले एकामागून एक बंद पडत गेले.

८/ त्या पडझडीत १९०० साली स्थापन झालेल्या कॉंतियों कुटुंबाच्या भट्टीचे जावई जाँ-पिएर व्हान रॉय यांनी १९७८ मध्ये वेगळाच मार्ग काढला. चालू भट्टीलाच त्यांनी गझचे संग्रहालय केले. लोक पाहायला येऊ लागले, आणि पाहणाऱ्यांतून पिणारे तयार झाले. तिथल्या माळ्यावरची कोळिष्टके आजही झाडली जात नाहीत. फळांवर येणाऱ्या माश्यांचा बंदोबस्त कोळी करतात.

९/ तिसरी बाटली : इंग्लंडच्या जुन्या पद्धतीची, लाकडात मुरवलेली एल. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल हान्सेन यांनी शुद्ध यीस्ट वेगळे केले आणि जगभर ‘स्वच्छ’ बिअरचे युग सुरू झाले. पण इंग्रजांच्या मुरवलेल्या एलची खास चव त्या शुद्ध यीस्टने येईना. १९०४ मध्ये त्याच संस्थेतील क्लाउसेन यांनी कारण शोधले : पिंपात राहणारे आणखी एक संथ यीस्ट. त्याचे नाव त्यांनी ठेवले ब्रेटॅनोमायसीस, म्हणजे ‘ब्रिटनची बुरशी’.

१०/ इथे आपलाही धागा जुळतो. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडची पेल एल पिंपांत भरून जहाजाने मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याच्या बंदरांत येत असे. त्या लाकडातही असे यीस्ट असण्याचा पुरेपूर संभव आहे. गंमत अशी की पुढे १९२१ मध्ये हेच कुळ लॅम्बिकमध्येही सापडले आणि त्यातील एका जातीला ब्रुसेल्सचे नाव मिळाले. वाइनवाल्यांसाठी मात्र ते आजही बहुधा शत्रूच आहे.

११/ चौथी बाटली टेबलावर आली तेव्हा बोलणे थांबले. तिच्यामागची हकीकत २००९ सालची. ब्रुसेल्सजवळच्या बीर्सेल गावात आर्मांद देबेल्देर यांची द्री फाँतेनेन ही गझची पेढी. त्या वर्षीच्या मे महिन्यात उबदार खोलीचा थर्मोस्टॅट बिघडला, तापमान वाढतच गेले, कित्येक बाटल्या फुटल्या, आणि सुमारे ८०,००० बाटल्यांचा माल निकामी झाला.

१२/ उरलेल्या बाटल्या एकेक करून उघडायला शेजारीपाजारी आणि रसिक आले. ती बिअर ओतून न देता तिचे ऊर्ध्वपातन करून मद्यार्क काढला गेला. वाचलेल्या लॅम्बिकमधून चार ऋतूंच्या नावांची चार मिश्रणे निघाली, आणि ती विकत घेऊन लोकांनी पेढी तगवायला हातभार लावला. देबेल्देर २०२२ मध्ये वारले, पण पेढी चालू आहे.

१३/ शेजारचे आजोबा त्या बाटल्या उघडायला गेलेल्यांपैकी. चार ऋतूंपैकी ‘हिवाळा’ त्यांनी या परदेशी शेजाऱ्याला दिला होता. दर हिवाळ्यात ते जिन्यात विचारीत, “या वर्षी उघडायची ना?” आणि हा दरवेळी म्हणे, “अजून मुरू द्या, आजोबा. पुढच्या वर्षी.” जुनी गझ वीस वर्षेही टिकते, हे त्याने वाचले होते. आजोबा किती टिकतील, हा हिशेब त्याने केला नव्हता. एका हिवाळ्यात जिन्यातला तो प्रश्न थांबला.

१४/ बूच कोरडे पडले होते. ओढताना त्याचा भुगा झाला. फेस आला नाही. रंग तपकिरी झाला होता, वास ओल्या पुठ्ठ्याचा, चवीत नुसता आंबटपणा. दोष बिअरचा नव्हता. जुनी गझ थंड तळघरात आडवी ठेवायची असते, म्हणजे बूच ओले राहते. याचे कपाट मात्र गरम पाण्याच्या नळाच्या भिंतीला लागून होते आणि बाटली वर्षानुवर्षे उभी. ज्या उष्णतेतून ती बिअर एकदा वाचली होती, तीच तिला इथे सावकाश गाठत राहिली.

१५/ तो खजील होऊन काही बोलू लागला. आजोबांच्या मुलीने ग्लास संपवला आणि म्हणाली, “बाबा दर वर्षी घरी येऊन हसत सांगायचे की, शेजारी अजून तयार नाही.” मग तिने बाटलीच्या तळाचा साका हलवून दोघांच्या ग्लासात सारखा वाटला.

१६/ दुसऱ्या दिवशी सामान भरताना त्याने सर्वांत जुन्या बाटल्या तिच्याकडे पोहोचवल्या. बॅगेत घेतल्या त्या सर्वांत तरुण दोन. दोन्हींवर चिकटपट्टी लावून मराठीत लिहिले : ‘येत्या दिवाळीत, साताऱ्यात, सगळ्यांसोबत. पुढे ढकलू नये.’

(समाप्त)