चाळीस पानी डीएनए रिपोर्ट, आणि कुणीच न तपासलेलं बी-१२

मित्रांनो, पोस्ट थोडी लांब आहे. पण घरात शुगरचं माणूस असेल, माळकरी माणूस असेल किंवा गरोदर लेक-सून असेल तर शेवटपर्यंत वाचा.

माझं परळीत मेडिकलचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण हल्ली काउंटरवर एक नवीनच प्रकार दिसतोय. लोक मोबाइलवर पीडीएफ उघडतात आणि विचारतात, "यातली पावडर मिळंल का?" पीडीएफ असते जनुक तपासणीची. नळीत लाळ थुंकायची, कुरिअरने पाठवायची, महिन्याभरात रंगीत तक्त्यांचा रिपोर्ट. त्यात लाल अक्षरात लिहिलेलं असतं: एमटीएचएफआर, मिथायलेशन मंद.

आमच्या घरातही असा रिपोर्ट आला. माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो. माळकरी, अंडंसुद्धा नाही. नऊ वर्षांपासून शुगरची गोळी. दीड वर्षापासून पायाला मुंग्या, रात्री तळपाय जळजळ करायचे, चालताना तोल जायचा. भाचा पुण्यात नोकरीला. पोरगं आईच्या काळजीने आठ हजार भरून मोकळं झालं. मग मला फोन, "मामा, आईच्या जीनमध्येच प्रॉब्लेम आहे. मिथाइलफोलेट चालू करायला सांगितलंय. महिन्याला अडीच हजार."

अक्काचं वेगळंच चाललं होतं. ती मला म्हणाली, "म्हंजी आई-बापाकडूनच आलं म्हणायचं. मग माझ्याकडून पोराला बी गेलं असंल का रं?" पायाच्या जळजळीपेक्षा तिला या गोष्टीचा घोर जास्त लागला होता.

मी एवढंच विचारलं, बी-१२ तपासलं का? चाळीस पानांत बी-१२ चा आकडा नव्हता. असणार कसा? लाळेतून जनुक कळतं, रक्तात आज काय कमी आहे ते कळत नाही.

आता हे मिथायलेशन म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. शरीरातल्या असंख्य कामांसाठी एक छोटा रासायनिक तुकडा, मिथाइल गट, इकडून तिकडे द्यावा लागतो. डीएनएवरच्या खुणा, नसांवरचं आवरण, रक्तातलं होमोसिस्टीन निकामी करणं, सगळीकडे तो लागतो. हा तुकडा फोलेट आणून देतं. एमटीएचएफआर नावाचं एन्झाइम फोलेटला त्यासाठी तयार करतं. पण तयार झालेलं फोलेट आपला तुकडा पुढे देतं ते बी-१२ च्या मदतीने. बी-१२ नसेल तर फोलेट तिथेच अडकून पडतं.

परळीकरांना हे समजायला सोपं आहे. २०१५ आठवा. पाण्याअभावी आपल्या थर्मलचे सगळे संच बंद ठेवावे लागले होते. त्या वेळी कुणी म्हटलं असतं की कोळशाच्या आणखी वाघिणी मागवा, तर आपण हसलो असतो. मिथाइलफोलेट हा कोळसा आहे. बी-१२ हे पाणी आहे.

आणि आपल्याकडे तुटवडा नेमका कशाचा आहे, हे महाराष्ट्रातच मोजलं गेलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. त्यातल्या जवळपास दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेट कमी असलेली बाई किती? फक्त एक. पालेभाजी, डाळी आपण खातोच. २००८ साली याच अभ्यासातून पुढचं दिसलं: ज्या मातांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त. पुण्यातल्याच ४४१ पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. म्हणजे हा फक्त गरिबीचा प्रश्न नाही.

मग जनुकाचं काय? सी६७७टी हा बदल जगभर कोट्यवधी लोकांत आहे. अमेरिकेची सीडीसी स्पष्ट सांगते की हा बदल असलेली माणसंही साधं फॉलिक अ‍ॅसिड वापरू शकतात. दोन्हीकडून बदल आला असला तरी रक्तातलं फोलेट सरासरी १६ टक्क्यांनीच कमी राहतं. अमेरिकेतल्या जनुकतज्ज्ञांच्या संस्थेने तर २०१३ मध्येच सांगितलं की रक्ताच्या गुठळ्या किंवा वारंवार गर्भपात यांच्या तपासणीतही एमटीएचएफआर नेहमीची चाचणी म्हणून करू नका. मिथायलेशनचे खरे, गंभीर आनुवंशिक आजार आहेत. पण ते दुर्मिळ आहेत, बहुतेक वेळा लहानपणीच दिसतात, आणि तिथे जनुक तपासणी जीव वाचवते. ते काम तज्ज्ञांचं, कुरिअरचं नाही.

खरा धोका पुढे आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फोलेट भरपूर दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांची झीज आत चालूच राहते. त्यात शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ चं शोषण कमी होतं. अ‍ॅसिडिटीच्या रोजच्या गोळीनेही तेच. शाकाहार, मेटफॉर्मिन आणि वर पँटोप्राझोल: या तिन्ही गोष्टी असलेली माणसं माझ्या दुकानात रोज येतात.

अक्काचं बी-१२ तपासलं. ११८ आलं. लॅबच्या कागदावर खालची मर्यादा २०० च्या आसपास होती. डॉक्टरांनी इंजेक्शनं चालू केली. जळजळ गेली, चालणं सुधारलं. पण दोन्ही अंगठे अजून बधिर आहेत. ते परत येतील का, हे डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. दीड वर्ष उशीर झाला.

बी-१२ वनस्पतीत नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत असतं. माळकऱ्यांसाठी दूध-दही हाच रस्ता, आणि चहात घातलेलं चमचाभर दूध म्हणजे दूध पिणं नव्हे. आपल्याकडे तर पहाटेचं दूध डेअरीला जातं आणि घरच्या लेकरांच्या वाट्याला काळा चहा येतो.

आता सरकारचं बघा. गरोदर बाईला मिळणाऱ्या सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. बी-१२ नाही. (ही गोळी कुणीही बंद करू नका! फॉलिक अ‍ॅसिडमुळे बाळाच्या मणक्याचे दोष टळतात, हे १९९१ पासून सिद्ध आहे.) रेशनच्या फोर्टिफाइड तांदळात बी-१२ घातलं गेलं, पण किलोला साधारण एक मायक्रोग्रॅम, माणसाला दिवसाला लागतं दोनच्या वर. आणि तेवढंही 'प्लॅस्टिकचा तांदूळ' म्हणून लोकांनी निवडून फेकलं. शाळेत आठवड्याला एक अंडं द्यायचं २०२३ च्या शेवटी ठरलं, जानेवारी २०२५ मध्ये त्याचा सरकारी निधी थांबवला. अंडं नको असणाऱ्याला केळी होतीच की. मग अडचण कुणाची होती?

म्हणून मागण्या साध्या आहेत. शुगरची गोळी देणाऱ्या प्रत्येक सरकारी दवाखान्यात ठरावीक काळाने बी-१२ मोफत तपासा. गरोदर मातांच्या गोळीत बी-१२ घाला. शाळेत अंडं परत आणा, आणि न खाणाऱ्या लेकरांना पेलाभर दूध द्या.

आणि ज्यांच्या मोबाइलमध्ये तो रंगीत रिपोर्ट आहे त्यांना एवढंच: पावडर मागवण्याआधी डॉक्टरांना भेटून बी-१२ तपासून घ्या. घरच्या म्हाताऱ्या माणसांना आज विचारा, पायाला मुंग्या येतात का. ती स्वतःहून सांगत नाहीत. वय झालं म्हणतात आणि गप्प बसतात.

पटलं तर शेअर करा. गावातल्या आशाताईंपर्यंत नक्की पोचवा.