पहिल्या पाहुण्याची जागा

मुळशीतल्या माले गावची ती मुलगी त्या चहाविधीच्या प्रात्यक्षिकाविषयी बोलू लागली की आजही तिचा आवाज चढतो. पुण्यात जपानी शिकता शिकता ती चहाविधीच्या वर्गाला जाऊ लागली. टाचांवर बसणं, चहाचं भांडं दोनदा फिरवून मग ओठाला लावणं अंगवळणी पडलं. प्रात्यक्षिकात तिला ‘शोक्याकू’, म्हणजे मुख्य पाहुणी व्हायचं होतं.

ही जागा मानाची, तशी जबाबदारीचीही. सगळ्या पाहुण्यांच्या वतीने यजमानाशी बोलायचं ते शोक्याकूने. चहा झाला की भांडी पाहायला मागायची, मग विचारायचं: चहाची डबी कुणी घडवली? माचाची, म्हणजे हिरव्या चहाची पूड काढायची बांबूची पळी कुणाची? तिचं नाव काय? सरावात विद्यार्थी पळीला ऋतूला साजेसं नाव देतात. यजमान होणाऱ्या मैत्रिणीने आणि हिने मिळून ठरवलं होतं, ‘आवणी’. जुलै होता, माल्यात भाताची लावणी चालली होती.

ऐनवेळी आयोजकांनी एका मान्यवरांना पहिल्या जागी बसवलं आणि हिला शेवटी. मान्यवरांनी मिठाई बाजूला सारली, चहा घेतला आणि फोटोसाठी वळले. मैत्रिणीने पाण्याच्या भांड्यावर झाकण ठेवलं आणि ती थांबली. भांडी पाहायला मागायची वेळ नेमकी हीच. किती थांबली ती! हिला प्रश्न तोंडपाठ होता, पण शोक्याकूला डावलून बोलायचं नाही, हेही पाठ होतं. मैत्रिणीने मान लववून भांडी उचलली. ‘आवणी’ कुणाला कळलीच नाही.

जपानी चहाविधीचा थोर गुरू सेन नो रिक्यू, त्याच्या परंपरेतल्या चहाघराचं दार इतकं बुटकं की सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून वाकून आत यावं लागे. त्याच रिक्यूला 1591 मध्ये तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने पोट चिरून मरायला लावलं. चहाच्या खोलीत सत्ता शिरते ती अशी. पुण्याने तरी हे जाणावं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं आहे, आणि 1191 मध्ये चीनहून जपानात चहाचं बी आणणारा भिक्षू एइसाई त्याच मुलखातला. मान्यवरांना शाल-श्रीफळ द्या, पुढची खुर्ची द्या. शिकलेल्या मुलीची चटई देऊ नका.

शेवटची जागाही जाणकारालाच देतात, असं शिक्षिकांनी समजावलं. ते खरंच आहे. “पण मला ती त्यासाठी दिली नव्हती,” ती म्हणते.

गप्प राहिले ते योग्यच, असं आधी ती सर्वांना सांगायची. हल्ली म्हणते, नियम मोडून विचारायला हवं होतं. आणि वर्गात कुणी नवखा मध्येच बोलला, तर त्याला पहिली तीच थांबवते.