महापुरातली पंगत

कोल्हापूरहून परतलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘तांबडा-पांढरा खाल्लात की नाही?’ मी ‘नाही’ म्हणालो, तेव्हा पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन न घेताच परतलो असावे, अशा नजरेने घरच्या मंडळींनी माझ्याकडे पाहिले!

त्याची हकीकत अशी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुण्याहून बेळगावला निघालो होतो. पंचगंगेला महापूर आलेला. पुण्या-बंगळूरचा हमरस्ता शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि आम्ही अलीकडेच अडकलो. पुलाची शिरोली हे मूळचे गाव. औद्योगिक वसाहत झाल्यावर ओतकामाच्या कारखान्यांनी ते गजबजले. एरवी भट्ट्यांच्या धगीने तापलेला तो परिसर त्या दिवशी ओलाचिंब आणि गप्प होता. रस्त्याच्या कडेला मालमोटारींची न संपणारी रांग.

संध्याकाळी एक मोल्डर गृहस्थ छत्री घेऊन आले आणि मला व शेजारच्या मालमोटारीच्या तमिळ ड्रायव्हरला घरी घेऊन गेले. दोन खोल्यांचे बिऱ्हाड. मावशी चुलाणापाशीच होत्या. गॅस जपून वापरायचा म्हणून लाकडे पेटवली होती.

“श्रावण लागलाय न्हवं, न्हाईतर मटणच केलं असतं की,” त्या अपराध्यासारख्या म्हणाल्या. “आज नुसता मसूर हाय बगा.”

नुसता मसूर! सालासकट भिजवलेला अख्खा मसूर, त्याला कांदा-टोमॅटोची फोडणी आणि वर घरच्या चटणीचे दोन चमचे. चटणी म्हणजे आपल्याकडची पानाच्या डाव्या बाजूची नव्हे. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून त्यांत भाजलेले खोबरे, तीळ, धणे, कांदा, लसूण घालून डंकावर कुटतात, तीच कोल्हापूरची चटणी. वर्षभर सगळा स्वयंपाक तिच्यावर चालतो. दाणा शिजून मऊ व्हावा पण फुटू नये, यातच सारे कसब. चौघांपुरत्या त्या मसुरात मावशींनी आमच्या देखत दोन तांबे गरम पाणी ओतले, चव घेतली आणि चिमूटभर चटणी वाढवली. तर्री पुन्हा वर आली.

सोबत ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खर्डा, दही. ड्रायव्हरने भाकरी एका बाजूला सारून भात मागून घेतला, त्यावर रस्सा ओतून कालवला आणि पहिल्याच घासाला डोळे मिटून म्हणाला, “रसम!” तीन दिवसांत त्याला भात मिळाला नव्हता. मावशींना तमिळ येत नव्हते, पण त्यांनी त्याच्या पानावर आणखी दोन मुठी भात घातला.

मी मात्र भाकऱ्यांवर तुटून पडलो. “लाजू नगासा, घ्या की वो,” असे त्या म्हणत गेल्या, मी घेत गेलो. तिसरी भाकरी मी मागूनच घेतली. हात धुवायला उठलो तेव्हा दिसले, की भाकऱ्यांची टोपली रिकामी आहे आणि पिठाचा डबा पालथा घातलेला आहे. गिरणी बंद होती. मावशी पातेल्याच्या कडेचा भात खरवडून खर्ड्याबरोबर जेवत होत्या.

“मला भातच आवडतुय,” त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. सकाळी दुकाने पालथी घातली. ज्वारीचे पीठ कुठेच नव्हते. शेवटी पाच किलो तांदूळ मिळाला. मावशींनी पिशवीला हात लावला नाही. “पावण्याकडनं घ्यायची रीत न्हाई,” म्हणाल्या. मग त्यांचा नातू दारात खेळत होता, त्याच्या हातात मी पिशवी दिली आणि भरभर चालू लागलो. मागून हाक आली, पण मी वळून पाहिले नाही.