मंगळवारची जीप

गाडीत टेप बसवावा ही कल्पना मूळची आमचीच, हे आधीच सांगून टाकलेले बरे. पुढे जे घडले त्यात या गोष्टीला फार महत्त्व आहे आणि नेमकी तीच आम्ही कित्येक आठवडे सोयीस्करपणे विसरून गेलो होतो.

आमची केंद्रे केळापूर आणि घाटंजी या तालुक्यांत विखुरलेली आहेत. रविवारी सकाळी निघून तीन ठिकाणी मिस्सा अर्पण करावी आणि दिवेलागणीला परतावे, असा आमचा शिरस्ता. सोबत असते ती जुनी डिझेल जीप. युवकांच्या शिबिरात गाणी शिकवायला काहीतरी वाजते साधन हवे होते. तेव्हा एका दुकानात जाऊन आम्ही नवा टेप, दोन स्पीकर आणि चालकाच्या आसनाखाली ठेवायचा एक ॲम्प्लिफायर असा सरंजाम बसवून घेतला. (टेप म्हणावयाचे एवढेच. त्यात फीत नाही की कॅसेट नाही, पेनड्राइव्ह खोचायची एक फट तेवढी आहे. परंतु विदर्भात त्याला अजून टेपच म्हणतात.) मोटारीत रेडिओ बसवण्याची हौस काही आजची नव्हे. शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी १९३० साली ‘मोटोरोला’ हा मोटारीचा रेडिओ बाजारात आणला. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर त्यात शिरू न देणे हेच त्या काळच्या कारागिरांपुढचे मोठे कोडे होते. आमच्या वाट्याला निराळे कोडे आले.

टेप बसल्यावर पहिल्याच आठवड्यात मागचे लाल दिवे गेले. आम्ही फ्यूज बदलला, तोही उडाला. दुकानातल्या मुलाने जळक्या फ्यूजच्या पायांना तांब्याची तार गुंडाळून दिली आणि दिवे लागले. आम्हीही समाधानाने मान डोलावली. फ्यूज हा दिव्यासाठी नसतो, तर दिव्यापर्यंत जाणारी वायर तापून पेटू नये म्हणून असतो, हे तेव्हा आम्हांस कोणी सांगितले नव्हते. दुसरी तक्रार शिटीची. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून बारीक शीळ निघे आणि गाडीच्या वेगाबरोबर चढत जाई. तिचीही आम्ही सवय करून घेतली.

तिसरी तक्रार मात्र सवय करून घेण्याजोगी नव्हती. बुधवारी सकाळी जीप सुरूच होईना. सेल्फ मारावा तर नुसते ‘टक्’. असे दोन-तीन बुधवारी झाले. रविवारी संध्याकाळी गाडी परते, सोमवारी-मंगळवारी उभी राही आणि मंगळवारी सायंकाळी आमच्या धर्मशिक्षकांचा सतरा वर्षांचा मुलगा ती धुऊन पुसून ठेवी. धुताना तो टेप लावतो, हे आम्ही पाहिले होते. मंगळवारी मुलगा गाडीत बसतो, बुधवारी बॅटरी उतरते. याहून उघड पुरावा कोणता हवा? आम्ही त्याला एकदा-दोनदा सौम्यपणे सांगितले. “मी बंद करूनच उतरतो जी,” एवढेच तो म्हणाला.

मग सप्टेंबरातली ती बुधवारची पहाट आली. चारच्या सुमारास जवळच्या पोडावरून दोघे धावत आले. आदल्या दिवशी कपाशीवर फवारणी करून आलेला एक मजूर रात्रभर ओकत होता, अंगाला घाम सुटलेला, तोंडातून लाळ गळत होती आणि बोलणे असंबद्ध झाले होते. या जिल्ह्यात राहणाऱ्याला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. २०१७ सालच्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात पडून होते. आम्ही किल्ली फिरवली. टक्. पुन्हा टक्. पाऊस पडून गेलेला. चिखलात सहा जणांनी धक्का दिला, चाके जागीच फिरली. अखेर गावातला एक मालवाहू टेम्पो उठवून आणला आणि त्यात बाज टाकून रोग्याला आधी पांढरकवड्याला आणि तेथून यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेले. पाऊण तास वाया गेला होता. तो माणूस वाचला. आठ दिवसांनी घरी आला, आजही कपाशी वेचतो. पण त्या पहाटे तो वाचेल असे कोणाच्याही तोंडावर दिसत नव्हते.

परत आलो तो आमचा तोल गेलेला होता. पोडावरचे लोक, मुलाचे वडील, दोन धर्मभगिनी अशा सर्वांच्या देखत आम्ही त्या मुलाला बोललो. काय बोललो ते येथे लिहिणार नाही. एक माणूस तुझ्या गाण्यांपायी मेला असता, असा त्याचा आशय होता. मुलगा खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या वडिलांनी आमची क्षमा मागितली. किल्ली आम्ही आमच्या खोलीत ठेवून घेतली.

पुढच्या बुधवारी गाडीला कोणीही हात लावला नव्हता. किल्ली आमच्या उशाशी होती. आणि तरीही टक्.

येथे खरे तर आमचे डोळे उघडावयास हवे होते. परंतु माणूस आपला निष्कर्ष इतक्या सहजासहजी सोडत नाही. बॅटरीच जुनी झाली, असे आम्ही ठरवले आणि देवळाच्या पैशांतून नवी आणली. नवीने एक आठवडा कुरकुरत का होईना गाडी ओढली. दुसऱ्या बुधवारी तीही बसली. त्या सकाळी आसनाखाली पडलेला चष्मा शोधताना आमचा हात ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला लागला. तो कोमट होता. तीन रात्री न हललेल्या गाडीत, पहाटेच्या गारव्यात, कोमट.

बाजारपेठेत एक वृद्ध मिस्त्री आहेत, त्यांना सगळे चाचा म्हणतात. त्यांना घेऊन आलो. “बॅटरी घ्यायच्या आधी माह्याकडं काऊन नाही आले जी?” हे पहिले वाक्य. मग त्यांनी दहाच्या पान्याने बॅटरीची काळी केबल सोडली आणि केबल व बॅटरीचा खुंट यांच्यामध्ये मल्टीमीटर जोडला. दारे लावून घेतली, सेल्फला कोणी हात लावायचा नाही अशी तंबी दिली; सेल्फ शेकड्यांनी अँपियर खेचतो, त्यात मीटर जळून जातो. पाच-सात मिनिटे थांबले. आकडा स्थिरावला: ०.९ अँपियर. उभ्या गाडीने फार तर ०.०५ खावे, असे चाचा म्हणाले. गणित आम्ही तेथेच बोटांवर केले. रविवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ साठ तास, म्हणजे ५४ अँपियर-तास. आणि बॅटरी सारी ६५ ची.

चाचांनी डॅशबोर्डाखालचे फ्यूज एकेक करून उपसले. एरवी ज्या फ्यूजला आकडा पडेल, त्याच रांगेत चोर सापडतो. येथे सारे फ्यूज निघाले तरी आकडा ढळेना. चाचा हसले, बोनेटकडे वळले. बॅटरीच्या लाल खुंटावरून एक परकी वायर थेट आत गेली होती, तिच्यावर निराळी फ्यूजची डबी. ती उघडताच आकडा ०.०३ वर आला.

टेप बाहेर ओढला. त्याच्या पिवळ्या वायरीला बॅटरीतून अखंड वीज लागते, घड्याळ आणि आठवण जिवंत ठेवण्यापुरती, अगदी थोडी. लाल वायरीला किल्ली फिरवल्यावरच वीज मिळावयाची. तिच्यावरून टेपला कळते की आता जागे व्हावे. ॲम्प्लिफायरला जागवणारी निळी वायर टेपमधून जाते. येथे पिवळी, लाल, निळी तिन्ही एकत्र पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि उन्हाळ्यात तिचा डिंक वितळून चिखल झाला होता. बटण दाबून टेप गप्प केला तरी तो अर्धवट जागाच राही आणि ॲम्प्लिफायर तर झोपतच नसे. डॅशबोर्डाच्या दिव्यांची वायर पत्र्याला टेकून होती, म्हणून मागच्या दिव्यांचे फ्यूज उडत. आणि काळी वायर, म्हणजे अर्थिंग, रंग दिलेल्या स्क्रूवर आवळली होती. रंग वीज नीट वाहू देत नाही. ती शीळ तिथली.

“किल्ली न लावता वाजला पाहिजे, असं कोणी सांगतलं होतं काय?” चाचांनी सहज विचारले.

आम्ही सांगितले होते. शिबिरात किल्ली खिशात ठेवून गाणी लावता यावीत, म्हणून आम्हीच दुकानात उभे राहून तसा हट्ट धरला होता. दुकानदाराने ‘बॅटरी उतरेल’ असे काहीसे म्हटल्याचेही आता आठवले. ‘लवकर आटोप’ असे आमचे उत्तरही. त्या दिवशी तो मुलगा आमच्याबरोबर होता, स्पीकरची खोकी धरून. चाचांच्या प्रश्नाच्या वेळीही तो बॅटरी-टॉर्च धरून शेजारीच होता. तो काही बोलला नाही. त्याला ते आठवत होते की नाही, हे आम्ही आजवर विचारलेले नाही.

चाचांनी प्रत्येक सांधा डाखला, वर नळी चढवली, तांब्याची तार फेकून योग्य आकड्याचा फ्यूज बसवला, अर्थिंगचा स्क्रू घासून उघडा केला आणि लाल वायर किल्लीच्या फ्यूजवर नेली. दुपार झाली. त्यांनी चहापलीकडे फारसे काही घेतले नाही.

रविवारी मिस्सेनंतर, ज्यांच्या देखत बोललो होतो त्यांच्या देखत, आम्ही त्या मुलाची क्षमा मागितली. पोडावरचे लोकही मुद्दाम बोलावले होते. मुलगा ओशाळला आणि “राहू द्या जी” म्हणाला. वडिलांनी मान वळवली. किल्ली आम्ही त्याच्या हातात ठेवली. दोन दिवसांनी ती आमच्या टेबलावर परत आली, कागदात नीट गुंडाळून. तो चाचांच्या दुकानात काम शिकायला जाऊ लागला होता.

मंगळवारी जीप आता आम्हीच धुतो.