मंडईच्या गर्दीतली शाळा

दोस्तांनो, पुण्याला गेलात की मोठी माणसं तुम्हाला शनिवारवाडा दाखवणारच. तो बघाच, पण एक सकाळ मंडईच्या परिसरासाठी राखून ठेवा. पायांत साध्या चपला घाला आणि आईचा हात सोडू नका. इथे मुंगीलाही शिरायला जागा नसते!

सुरुवात करू बाजीराव रस्त्यावरच्या विश्रामबागवाड्यापासून. हा दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचा वाडा. सुरूच्या झाडासारखे कोरलेले त्याचे लाकडी खांब नीट न्याहाळा. पेशवाई गेल्यावर, १८२१ साली, इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली. ती ब्राह्मण मुलांसाठी होती. मुलींचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. हे लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

रस्ता ओलांडला की तुळशीबाग. आत रामाचं देऊळ आहे. त्याचं बांधकाम १७६१ साली सुरू झालं. देवळाभोवती बांगड्या, कानातली, पूजेची भांडी आणि काय काय! भातुकलीची इवलीशी पितळी भांडी बघून तुमचे पाय तिथेच खिळतील. भूक लागली? मग गरमागरम मिसळ मागवा. तर्री जरा बेतानेच घ्या, नाहीतर डोळ्यांतून पाणी येईल.

इथून चार पावलांवर मंडई. मधोमध अष्टकोनी मनोरा, खाली भाज्यांचे ढीग. मोसमात चिंचा, बोरं, आवळे, कैऱ्या! ही इमारत १८८६ साली खुली झाली. तेव्हा तिला लॉर्ड रे या गव्हर्नराचं नाव होतं. आज ती महात्मा फुले मंडई आहे. गंमत अशी, की नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुल्यांनी याच मंडईवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं!

आता शिवाजी रस्त्याने दगडूशेठ गणपतीकडे चला. दर्शन झालं? मग वळून समोर बघा. इथेच भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी तिथे मुलींची शाळा सुरू केली. शिकवायला जाताना सावित्रीबाईंवर लोक शेण-चिखल फेकत. त्या मागे फिरल्या नाहीत.

तो वाडा मोडकळीला आला होता. राष्ट्रीय स्मारक बांधण्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला. जुन्या भिंती आता दिसणार नाहीत. म्हणून तर त्यांची गोष्ट आपल्याला माहीत हवी. विश्रामबागवाड्यापासून इथवर चालायला काही मिनिटं लागतात. पण पाठशाळेपासून मुलींच्या शाळेपर्यंत पोचायला पुण्याला सत्तावीस वर्षं लागली!

परत निघण्याआधी थंडगार मस्तानी प्या. दाट दूध आणि वर आइस्क्रीमचा गोळा! आणि घरी गेल्यावर आजीला एक प्रश्न नक्की विचारा, "आजी, तू कितवीपर्यंत शिकलीस गं?" मग शांतपणे ऐका. प्रवासाचा शेवटचा टप्पा तोच आहे.