बिनपाटीचा माठ

वैशाखातील टळटळीत दुपारी, उल्हासनगरच्या कॅम्प २ मधील नेहरू चौकानजीक एका बंद दुकानाच्या ओट्यावर ओल्या तांबड्या फडक्यात गुंडाळलेला माठ पाहून मी थबकलो, तृप्त होऊन पाणी प्यालो आणि दात्याचे नाव शोधू लागलो, तर तेथे पाटीच नव्हती. फाळणीनंतर सिंधमधील घरदार मागे टाकून आलेली निर्वासित कुटुंबे दुसऱ्या महायुद्धातील येथल्याच लष्करी बराकींत उतरली आणि त्या छावणीस १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. शिधापाण्यासाठी ज्यांना परक्या हातांकडे पाहावे लागले, त्यांच्याच वंशजांपैकी कोणी हा माठ भरत असेल काय? शेजारच्या शिंप्यास विचारले, तो म्हणाला, “पहाटे कोणीतरी भरून जातो, साहेब.” मी पेला विसळून पालथा ठेवला.