मावशी हवी, पण खरी

बोलपट नवे होते तेव्हा, १९३० साली, हॉलिवूडने ‘चार्लीज आंट’ काढला. चार्ल्स रगल्स त्यात मावशी झाले होते. मूळ नाटक ब्रँडन थॉमस यांचे. १८९२ साली लंडनला लागले आणि १४६६ प्रयोग झाले. आचार्य अत्र्यांनी त्याचीच ‘मोरूची मावशी’ केली, विजय चव्हाणांनी ती गाजवली. आमच्या जळगावच्या घरातही ती मोबाइलवर पाहिली जाते.

पुरुषाने बाईचा वेश घेणे दीनमध्ये नापसंत आहे, ते खरेच. पण गोष्टीची मेख वेशात नाही. ऑक्सफर्डच्या दोन विद्यार्थ्यांना दोन मुलींशी बोलायचे असते, आणि वडीलधारी बाई हजर असल्याशिवाय मुली येणार नाहीत. ब्राझीलची श्रीमंत मावशी वेळेवर पोहोचत नाही, म्हणून मित्रालाच झगा चढवतात. म्हणजे बैठकीत मोठी बाई हवी, हा रिवाज साहेबाच्या देशातही होता.

आमच्याकडे उलटे होते. बायका भरपूर, बोलणेच नाही. यंदा पुतणीला धुळ्याचे स्थळ आले. त्यांच्या बायकांनी मुलगी पाहिली, मिठाई ठेवली, मुलगा बाहेर पुरुषांत बसून राहिला. पुतणी म्हणाली, बोलल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. घरात कुजबुज सुरू झाली.

तेव्हा फुफीजान म्हणाल्या, “मुगीरा बिन शुअबांना (रजि.) हुजूरांनी (स.) आधी मुलगी पाहून घ्यायला सांगितले होते ना? मग मी बसते मध्ये, बोलू द्या.”

दार उघडे, फुफीजान पलंगावर तस्बीह घेऊन. पुतणीने एकच विचारले: बी.एड. झाल्यावर शाळेत नोकरी करू द्याल का? मुलगा भला होता, खोटे बोलला नाही. आमच्या घरी सुना बाहेर जात नाहीत, म्हणाला.

फुफीजानना एरवी कमी ऐकू येते. त्या दिवशी सगळे ऐकू आले.

पुतणीने नकार दिला. एक-दोन नातेवाईक अजून फुगलेले आहेत, म्हणतात बोलू दिले म्हणून मोडले. आम्हांला वाटते, निकाहनंतर मोडण्यापेक्षा हे बरे, खन्सा बिन्त खिजाम (रजि.) यांचा तर मर्जीविरुद्ध झालेला निकाहही हुजूरांनी (स.) रद्द ठरवला होता.

धुळ्याला निरोप द्यायला फुफीजान स्वतः एस.टी.ने गेल्या. मुलाच्या आईने जेवल्याशिवाय सोडले नाही.